सुशी आणि सुशीला

आजचा विषय खाण्याचा आहे. पण पाककृती सांगायची नाही. एखाद्या लहानशा, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या उपाहारगृहात जाऊन बसणे आणि समोर येईल ते खाणे, या साध्या गोष्टीत काय काय सामावलेले असते, एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी दोन दुकाने डोळ्यांपुढे आणू. एक जपानातले, सुशीचे. दुसरे आपल्या लातूर-नांदेडकडचे, सुशीलाचे.

नावे ऐकून हसू येईल खरे. पण या दोन नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सुशी हा जपानी शब्द ‘आंबट’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला आहे. आपला सुशीला म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले मुरमुरे. उत्तर कर्नाटकात या पदार्थाला सुसला म्हणतात, आणि आपल्याकडेही काही घरांत तोच उच्चार ऐकू येतो. त्या सुसल्याला पुढे बाईमाणसाचे नाव चिकटले असावे. म्हणून कुणी ‘सुशीला केला’ म्हणते, तर कुणी ‘सुशीला केली’. नावाचे राहू द्या. दोन्ही पदार्थ तांदळाचे आहेत, दोन्ही लहान दुकानांत शोभतात, आणि दोहोंचा एक नियम सारखा आहे. करणाऱ्याच्या हातून पदार्थ सुटला, की खाणाऱ्याने वेळ घालवायचा नाही. दुकान लहान का असते, याचे बरेचसे उत्तर या नियमात आहे.

आधी सुशीचे पाहू. आज सुशी म्हटले की भाताचा लहानसा मुटका आणि त्यावर कच्च्या माशाचा काप, असे चित्र उभे राहते. मुळात ती मासे टिकवण्याची युक्ती होती. मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात दाबून महिनोन् महिने ठेवीत. भात आंबे आणि त्या आंबटपणात मासा टिके. बिवा नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी अशी सुशी अजूनही करतात. पुढे लोकांना इतका धीर राहिला नाही. भात आंबण्याची वाट पाहण्याऐवजी त्यात शिरका घालू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने दाबून तिथल्या तिथे द्यायची सुशी सुरू झाली. तिचे श्रेय बहुधा हानाया योहेई या माणसाला देतात. ती रस्त्यावरच्या टपऱ्यांवर विकली जाई. कामावर निघालेला माणूस उभ्या उभ्या दोन-चार मुटके तोंडात टाकून पुढे जाई. म्हणजे आज ज्या पदार्थाचा एवढा थाट दिसतो, तो जन्माने टपरीवरचा आहे, बरं का!

टपरी गेली आणि लहान दुकान आले, तरी रीत तीच राहिली. लाकडी फळीच्या एका बाजूला कारागीर उभा, दुसऱ्या बाजूला आठ-दहा माणसे बसलेली. भात अंगाइतका कोमट लागतो. कारागीर एकेक मुटका करून समोर ठेवतो. तो हाताने उचलला तरी चालते. सोयाचा रस भाताला न लावता माशाच्या बाजूला लावायचा आणि घास एकदम तोंडात घालायचा. ठेवून दिला तर भात गार होऊन घट्ट बसतो, आणि त्याभोवती समुद्रशेवाळाचा पापुद्रा गुंडाळलेला असेल तर तोही सादळतो. पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाईक काही मागतच नाही. ‘ओमाकासे’ एवढेच म्हणते. अर्थ असा, की तुमच्यावर सोपवले. आज बाजारात कोणता मासा चांगला मिळाला, ते कारागिराला ठाऊक. खाणाऱ्याने त्याच्यावर विश्वास टाकायचा.

आता तोक्योहून लातुरात येऊ. गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात. तिथली १९१७ साली बांधलेली गोलाकार दुमजली इमारत, मधोमध देवीचे देऊळ आणि भोवती सोन्याचांदीपासून भांड्याकुंड्यांपर्यंत सगळा बाजार. या भागात, एस.टी. स्थानकाच्या आसपास किंवा आडत बाजाराच्या वाटेवर सकाळी फिरले, की एखादे दोन बाकड्यांचे हॉटेल लागते. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहाचे दुकान, हे निराळे सांगायला नको. नांदेडलाही स्टेशनाकडे किंवा जुन्या गावातल्या बोळांत अशी दुकाने भेटतील. पाटी असली तर तिच्यावर ‘चहा-नाश्ता’ एवढेच. दारात भट्टी, भट्टीवर कढई, बाजूला मुरमुऱ्यांचे पोते आणि पाण्याची बादली.

“मालक, सुशीला हाय का?”

“हाय ना. बसा, आत्ता टाकायलोय.”

या ‘आत्ता टाकायलोय’ मध्ये सगळे शास्त्र आहे. मुरमुरा कसा होतो ते पाहा. साळ आधी उकडतात, वाळवतात, सडतात. मग त्या तांदळाला मिठाचे पाणी लावून तो तापलेल्या वाळूत टाकतात. दाण्यातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते. ती बाहेर पडण्यासाठी रेटा देते आणि दाणा कितीतरी पटींनी फुगतो. म्हणजे मुरमुरा एकदा शिजलेला आणि एकदा भाजलेला, असा दोनदा तयार झालेला तांदूळ आहे. त्याच्या अंगात बारीक पोकळ्याच पोकळ्या असतात. पाणी लागले की त्या पाहता पाहता भरतात. म्हणून सुशीला करणारा मुरमुरे पाण्यात टाकतो, हाताने एकदा खाली दाबतो आणि लगेच मुठींनी पिळून बाहेर काढतो. थोडा उशीर झाला की लगदा. घाई झाली तर मधला गाभा कोरडा राहून दाताखाली करकरतो.

इकडे कढईत तेल, मोहरी, जिरे, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे आणि हळद. फोडणी खमंग झाली की पिळलेले मुरमुरे पडतात, वर मीठ आणि डाळव्याचे पीठ. हे पीठ चवीसाठी असते तसे कामासाठीही असते. मुरमुऱ्यांत उरलेले जास्तीचे पाणी ते शोषून घेते, म्हणून दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. शिवाय नुसत्या मुरमुऱ्याने पोटाला आधार होत नाही. शेंगदाणे आणि डाळवे तो देतात. झाकण ठेवून एक वाफ काढायची, वर कोथिंबीर पेरायची, लिंबाची फोड ठेवायची. सोबत बहुधा गरम भजे किंवा तळलेली मिरची. बशी पुढे आली की तिच्याकडे पाहत गप्पा मारायच्या नसतात. दहा-पंधरा मिनिटांत मुरमुरा आकसून वातड होऊ लागतो, आणि मग त्याला कितीही वाफ द्या, पहिली गंमत परत येत नाही.

पोह्यांशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. पोहे दाबून चपटे केलेले, अंगाने घट्ट. खालून वाफ देत राहिले तर पोह्यांची रास बराच वेळ मऊ राहते, म्हणून पोहेवाला सकाळी एकदा करून ठेवू शकतो. सुशीलावाल्याला ते जमत नाही. त्याला पाच-सहा बशांपुरताच घाणा टाकावा लागतो. तो संपला की दुसरा. एका माणसाचे दोन हात एका वेळी जेवढे मुरमुरे पिळू शकतील तेवढेच दुकान. बाकडी वाढवली तर शेवटच्या बाकड्यावरच्या माणसाला वातड सुशीला मिळणार. तेव्हा दुकान लहान आहे याचे कारण केवळ मालकाची ऐपत नव्हे. पदार्थानेच त्याला हे माप घालून दिले आहे. सुशीच्या फळीपुढे दहाच माणसे बसतात, त्याचेही एक मोठे कारण हेच.

याचा अर्थ मोठी पंगत वाईट असा मुळीच नाही. नांदेडात तर तिचे थोर उदाहरण आहे. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. तिथल्या सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. तिथे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी लंगर चालतो आणि हजारो माणसे एका ओळीत बसून जेवतात. हे शक्य होते याला श्रद्धा आणि सेवा ही कारणे आहेतच. पण पदार्थांची निवडही आहे. डाळ मोठ्या कढईत जितकी मुरते तितकी चांगली लागते. गव्हात चिकट सत्त्व असते, म्हणून रोटी फडक्यात गुंडाळून ठेवली तरी मऊ राहते. हजारांना वाढता येईल असेच अन्न लंगराने पत्करले आहे. सुशीला त्या पंगतीत बसणार नाही. ज्याचा त्याचा धर्म निराळा.

जपान्यांनी मात्र सुशीचे हे बंधन यंत्राने सैल केले. १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्याचे सुशीगृह काढले. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. बशा पट्ट्यावरून फिरतात, गिऱ्हाईक हवी ती उचलते. सुशी स्वस्त झाली आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली, हा मोठाच लाभ. पण समोर उभा असलेला कारागीर दिसेनासा झाला, आणि ‘तुमच्यावर सोपवले’ असे म्हणायला कुणी उरले नाही. आपल्याला दोन्ही प्रकारची दुकाने हवीत. अडचण एवढीच, की पहिले गेले तरी दुसऱ्याला त्याची उणीव भासत नाही.

आता कुणी विचारील, इतका चांगला पदार्थ, मग तो पुण्या-मुंबईकडे फारसा ठाऊक का नाही? एक कारण उघड आहे: तो प्रवास करीत नाही. चिवडा डब्यात भरून नेता येतो. सुशीला नेता येत नाही. दुसरे कारण इतिहासाचे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कन्नड बोलणारे गुलबर्गा-रायचूर आणि तेलुगू बोलणारा तेलंगणा हे त्याचे शेजारी. बाजारहाट, सोयरीक, नोकरी, सगळे या बाजूला. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे राज्ये झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नकाशावर रेघ पडली, कढईत पडली नाही. उत्तर कर्नाटकातला सुसला, आंध्रातल्या रायलसीमेतली उग्गानी आणि आपला सुशीला ही एकाच घरची भावंडे आहेत. उग्गानीबरोबरही मिरचीची भजी देतात. म्हणजे हा पदार्थ अपरिचित आहे तो पुण्याकडून पाहणाऱ्याला. बळ्ळारीच्या माणसाला लातुरात बसून तो घरच्यासारखा वाटेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला मुलूख ज्वारीचा. रोजच्या ताटात भाकर. भात सणावाराला किंवा पाहुणा आला तर. पण भडभुंज्याची भट्टी गावोगाव असे. घरचे धान्य टोपलीत घालून न्यायचे, भाजणावळ द्यायची आणि लाह्या-फुटाणे करून आणायचे, ही रीत पुष्कळांच्या आठवणीत असेल. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या अशाच होत. हलके, स्वस्त, चुलीवर फार वेळ न मागणारे मुरमुरे या भट्टीच्या वाटेने घरात आले. गंमत अशी, की जपानातल्या सुशीवाल्यांनाही एकदा भडभुंज्याची रीत धरावी लागली. १९४७ साली तिथे अन्नटंचाईमुळे उपाहारगृहे बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी तोड काढली. गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम तांदूळ घरून आणावा, दुकानदाराने त्याच्या बदल्यात दहा सुशी द्याव्या आणि मजुरी घ्यावी. आम्ही अन्न विकत नाही, तुमचेच अन्न करून देतो, असा तो युक्तिवाद. सरकारने तो मान्य केला आणि दुकाने तगली. लहान दुकान संकटात तगते ते असे, आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर.

आपल्याकडचे संकट पाण्याचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. आता सुशीलाची कृती पुन्हा आठवा. पहिलीच पायरी मुरमुरे भिजवण्याची. त्यानंतर बशा धुणे, प्यायला तांब्याभर पाणी पुढे ठेवणे. मोठ्या हॉटेलाला टँकर परवडतो आणि त्याचा खर्च थाळीच्या दरात मिसळून जातो. बशीमागे चार पैसे सुटणाऱ्या दुकानाला पाण्याचा प्रत्येक हंडा हिशेबात धरावा लागतो. दुष्काळ आधी अशा दुकानांच्या बादलीत उतरतो, म्हणतात ते उगाच नाही.

या बाकड्यांवर बसते तरी कोण? पहाटे पोती वाहणारे हमाल, सोयाबीन किंवा तूर घेऊन बाजारात आलेला शेतकरी, कचेरीच्या कामासाठी पहिल्या एस.टी.ने आलेला खेडूत, आणि लातूरसारख्या ठिकाणी शिकवणीला राहिलेली परगावची मुले. बाकडे अरुंद असते, तेव्हा खांद्याला खांदा लागतो. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. एके काळी आपल्या भागातल्या किती हॉटेलांत काही जणांची कपबशी वेगळी ठेवलेली असे, ती त्यांनीच धुवायची असे, हे विसरून चालणार नाही. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या १५व्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे: जातीच्या किंवा धर्माच्या कारणावरून कुणालाही तिथे मज्जाव करता येणार नाही. घटनेतला हा शब्द खरा होतो तो अशा बाकड्यावर, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसासाठी आपण जरा सरकतो तेव्हा. म्हणून दुकान कितीही लहान असो, बशी एकाच प्रकारची आहे ना, आणि कुणाला बाहेर उभे राहून तर खावे लागत नाही ना, हे पाहणे खाणाऱ्याचेही काम आहे.

शेवटी एक नाजूक प्रश्न. चांगले लहान दुकान सापडले, तर त्याचा गाजावाजा करावा का? तोक्योच्या गिंझा भागात एका इमारतीच्या तळघरात दहा खुर्च्यांचे सुशीचे दुकान आहे. १९२५ साली जन्मलेले जिरो ओनो यांचे. २००७ साली मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेने त्याला सर्वोच्च मानाचे तीन तारे दिले. पुढे त्यावर चित्रपट निघाला आणि जगभरचे लोक तिथे धावले. २०१९ साली त्याच मार्गदर्शिकेने दुकानाचे नाव यादीतून काढले. चव बिघडली म्हणून नव्हे, तर सामान्य माणसाला तिथे जागा राखताच येईना म्हणून. कीर्ती इतकी झाली, की दाराशी राहणाऱ्या माणसाला दार बंद झाले.

लातूर-नांदेडच्या सुशीलाला असे तारे मिळायचे नाहीत, हे खरे. पण आता प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा दूरध्वनी आहे, आणि एका चित्रफितीने एखाद्या बोळात शंभर माणसे गोळा होतात. मालकाला आनंद होतो, का होऊ नये? तो घाणा मोठा करतो, मुरमुरे आधीच भिजवून ठेवतो, दर वाढवतो. महिन्याभरात पाहुणे दुसरीकडे वळतात. आणि ज्याला दर परवडेनासा झाला तो हमाल तर आधीच गेलेला असतो. दुकान मागे उरते ते वातड सुशीला घेऊन. तेव्हा चांगले दुकान लपवून ठेवा असे मी म्हणत नाही. त्याची किंमत द्या, पुन्हा पुन्हा जा, ओळखीच्या माणसाला बरोबर न्या. लहान दुकानाला एका दिवशीची शंभर माणसे पेलत नाहीत. वर्षभर येणारी वीस माणसे मात्र त्याला जगवतात.

म्हणून कधी लातूर-नांदेडकडे जाणे झाले, तर सकाळी लवकर बाहेर पडा. शक्य तर एकटे किंवा दोघेच जा. आठ जणांचे टोळके अशा ठिकाणी भार होते. काय काय मिळते, असे न विचारता आज काय आहे, ते विचारा. घाणा संपला असेल तर पुढच्याची वाट पाहा, शिळा मागू नका. बशी आली की आधी खा आणि मग बोला. पैसे सुटे द्या. खाऊन झाल्यावर बाकडे अडवून बसू नका, कारण तुमच्या मागे उभा असलेला माणूस रात्रभर पोती उचलून आलेला असेल, आणि मालकाने त्याच्यासाठी मुरमुरे नुकतेच पाण्यात टाकलेले असतील.